ग्रेहाऊंडचा प्रश्न

१

अगं थांब, मध्ये काही विचारू नकोस, नुसतं ऐक. चिप्स खा तोंड भरून, म्हणजे बोलताच येणार नाही तुला.

तर त्या गुरुवारी सकाळी मी दात घासत होते. तोंडात फेस, पायात एकच मोजा, आणि स्वयंपाकघरात रेडिओ चालू. रेडिओवर कोण? सर मर्विन स्टॅनकोम! क्विन्सवूड होम्सचे मालक. सगळ्या यॉर्कशायरमध्ये यांचे वृद्धाश्रम. आणि आमच्या 'लाँग लुक' या टीव्ही कार्यक्रमात त्याच रात्री जी फिल्म लागणार होती, ती याच माणसावर.

"आज रात्री टीव्हीवर आमच्याबद्दल काहीबाही ऐकाल," ते म्हणत होते. आवाज कसा, तर नातवाला गोष्ट सांगावी तसा. "म्हणतील, बिछान्याजवळच्या घंट्यांच्या वायरी काढल्या. म्हणतील, रात्री खोल्यांना बाहेरून कुलपं लावली. एवढंच काय, म्हाताऱ्यांचा रविवारचा मांसाचा रोस्ट आम्ही आमच्या ग्रेहाऊंड कुत्र्यांना घातला असंही म्हणतील! अहो, मी जन्मात कुत्रं पाळलेलं नाही. कुत्र्याच्या केसांनी मला शिंका येतात. आणि हे सगळं सांगतंय कोण? आमच्याकडचीच एक बाई. जिला आम्ही परदेशातून आणून पोटापाण्याला लावलं."

मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी. कुत्री? कुठली कुत्री?

आणि मग आठवलं, आणि मी फसकन हसले. आरशावर सगळा फेस. हसत हसतच फोन उचलला तर रुटेंडोचा मेसेज आलेला.

'सकाळी ऑफिसात बोलावलं आणि घरी पाठवलं. त्यांना माझं नाव माहीत आहे. नेल, तू शब्द दिला होतास.'

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

रुटेंडो म्हणजे झिंबाब्वेची. हडर्सफील्डच्या क्विन्सवूडमध्ये रात्रपाळीला असायची, अख्ख्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना ही एकटी. एका आजीनं रात्रभर घंटी दाबली आणि ती वाजलीच नाही, कारण वायरच काढलेली. सकाळी ही खोलीत गेली तेव्हा आजी जमिनीवर. त्या आजीसाठी ती आमच्याशी बोलायला तयार झाली. पण तिचा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत ती आणि तिची मुलगी टारी दोघींनी देश सोडायचा. टारीची तर शाळेची मोठी परीक्षा तोंडावर.

किती वेळा गेले असेन मी तिच्या स्वयंपाकघरात! साझा, म्हणजे त्यांचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी खाऊन खाऊन मी तिथलीच झाले होते. आणि तिथेच, ताटावर हात ठेवून, मी म्हटलं होतं, "चेहरा दिसणार नाही, आवाज तुझा नसेल, नाव कोणाला कळणार नाही."

आणि नाव कळलं होतं.

२

लीड्सच्या ऑफिसात पोचले तर सगळे उभे. बसलेलं कोणीच नाही. असं फक्त निवडणुकीच्या रात्री होतं, नाहीतर कोणी मेलं की.

ह्यू लॅथम, आमचा मोठा साहेब, कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, आणि तेच भयंकर होतं. "संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे नाव कुठून गेलं ते. नाहीतर फिल्म लागणार नाही. ज्या घरात माणूस सुरक्षित नाही, त्या घरात उद्या आपल्याशी बोलायला कोण येईल?"

"पण फिल्म लागली नाही तर रुटेंडोचं काय?" मी म्हटलं. "तिला काढलं हे जगाला कळणारसुद्धा नाही."

"ते मला कळतंय, नेल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघतच राहिला. मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. का नाही बघणार? तिला शोधलं मी, तिचा पत्ता, फोन, पाळ्या, सगळं माझ्याकडे. फिल्म करणाऱ्या बाकीच्यांना फक्त नाव, इतरांना तेही नाही.

एकटी लोर्ना माझ्याजवळ आली. लोर्ना फेअरबँक, आमची नवी मोठी बाई. आधी लंडनला एका मंत्र्याची माध्यम सल्लागार होती, या वसंतात आमच्याकडे आली. कपडे झकास, बोलणं झकास, सगळ्यांची नावं पाठ. वेस्टमिन्स्टरला, संसदेत परत जाणार का म्हणून कोणी विचारलं की हसून म्हणायची, "जाणार ना. पण या वेळी पुढच्या दारानं." आणि विनोदी पण किती! आठवड्यापूर्वी फिल्म आम्हा सगळ्यांना दाखवली तेव्हा टाळ्या वाजवून आमच्या कॅमेरावाल्याला म्हणते, "डेझमंड, दुसरा कॅमेरा कुठं लपवला होतास रे? एकदासुद्धा दिसला नाही!" डेझमंड म्हणाला, "टोपीत." आम्ही खो-खो हसलो.

तर तिनं मला चहाच्या मशीनपाशी नेलं, पाठीवर हात ठेवला.

"हे बघ राणी, कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कुठं पबमध्ये बोलता बोलता निघून गेलं असेल तोंडातून. तू आपणहून राजीनामा दे. शिफारस मी लिहिते, अशी लिहिते की लंडनवाले तुला पळवत नेतील."

"मी नाही सांगितलं कोणाला."

"नसशीलच. पण कोणीतरी डोकं पुढं केलं की बाकीचे सुटतात गं. आणि ती कुत्र्यांची गोष्ट तुम्ही फिल्ममधून काढलीत का देव जाणे! तीच तर लोकांना लागली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. एवढ्या माणसांत तीच एक प्रेमानं बोलली असं वाटलं मला. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"राजीनामा कसला? अजून कोणी मला प्रश्नसुद्धा विचारू दिलेला नाही."

३

मोराग किनेअर. तू टीव्हीवर बघतेसच त्यांना. पण टेबलाखाली काय असतं ते दिसत नाही. वर रेशमी ब्लाउज आणि कोट, खाली धावायचे बूट, तेही चिखलाचे. अॅबरडीनच्या. तीस वर्षं मंत्र्यांना घाम फोडताहेत. आणि कसा फोडतात माहितीये? एक छोटा प्रश्न विचारतात, आणि मग गप्प. नुसत्या बघत राहतात. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही, आणि तो बोलायला लागतो. पंतप्रधानपदाच्या एका उमेदवाराचं असंच वाटोळं झालंय.

त्यांनी मला मेकअपच्या खोलीत नेलं, बिस्किटांचा डबा पुढं ठेवला, आणि विचारलं, "रेडिओ ऐकून हसलीस का?"

मी चाटच! "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या हनुवटीला टूथपेस्ट आहे. बाहीवर पण. पुढं बोल."

आणि गप्प. झालं, मी सुटलेच. सगळं सांगितलं.

ऐक हं, हे तुला नीट समजलं पाहिजे. आम्ही बाहेर मुलाखत घेतो ती एकाच कॅमेऱ्यावर. कॅमेरा सगळा वेळ पाहुण्याकडे. बातमीदाराची फक्त पाठ किंवा कान. मग पाहुणा गेला की कॅमेरा फिरवतात, आणि बातमीदार रिकाम्या खुर्चीकडे बघत तेच प्रश्न पुन्हा विचारतो. गंभीर चेहरा करतो, मान डोलावतो. आम्ही त्याला 'माना' म्हणतो. नंतर दोन्ही जोडलं की घरी बघणाऱ्याला वाटतं दोघं समोरासमोर बोलताहेत. लहान मुलांना फसवावं तसली युक्ती आहे, पण सगळे करतात.

तर रुटेंडोची मुलाखत घेतली हॅलिफॅक्सच्या एका चर्चच्या हॉलमध्ये. बातमीदार गेथिन, कॅमेरा आणि आवाज दोन्ही डेझमंडकडे, आणि मी. संपल्यावर तिला मागच्या दारानं टॅक्सीत बसवून मी परत आले, तर गेथिन म्हणाला, "ये, खुर्चीत बस. भिंतीकडे बघून माना डोलावल्या की मी गाढव दिसतो." मी बसले. तो म्हणाला, "जरा उंच बस गं, रुटेंडो तुझ्यापेक्षा उंच आहे." मी उशी घेतली. मग त्यानं एकेक प्रश्न विचारला, मी गप्प, त्यानं मान डोलावली. आणि शेवटी, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, अगदी दुःखी आवाजात म्हणतो कसा, "आणि हे खरं आहे का, की म्हाताऱ्यांचा रविवारचा रोस्ट मालकाच्या ग्रेहाऊंड कुत्र्यांना घातला जायचा?"

मला हसवायला! मी गाल चावून धरले. डेझमंडचा कॅमेरा हलला. बस, एवढंच. रुटेंडोला हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नाही. ती तेव्हा टॅक्सीत होती.

मोरागनी बिस्कीट चहात बुडवलं. तुटून आत पडलं तरी त्यांचं लक्ष नाही.

"आपण क्विन्सवूडला आरोप लेखी कळवले होते, उत्तर द्यायला. त्यात कुत्री होती?"

"नाही. फिल्ममध्ये पण नाहीत. कुठंच नाहीत."

"म्हणजे ही कुत्री जगात फक्त त्या हॉलमध्ये होती. आणि त्या हॉलमध्ये कोण होतं?"

"गेथिन, डेझमंड..." मी बोटं मोजत म्हटलं. "आणि मी."

बघ म्हणजे! स्वतःला वाचवायला तोंड उघडलं आणि स्वतःच्याच गळ्यात दोरी अडकवली.

"हे अजून कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. बिस्किटं घेऊन चल माझ्याबरोबर."

४

गेथिनला त्यांनी लिफ्टच्या दारातच गाठलं. गेथिन प्रॉसर, वेल्सचा, केसांवरून सारखा हात फिरवणारा. त्याला थेट ध्वनीच्या खोलीत नेलं, दार लावलं.

"गेथिन, तू मला काय सांगत नाहीयेस?"

आणि गप्प.

त्यानं केसांवरून हात फिरवला. एकदा. परत. मग फुटला. "ठीक आहे! मी दुसऱ्या चॅनेलवाल्यांना भेटलो. दोनदा जेवलो त्यांच्याबरोबर. पण मोराग, ही फिल्म बुडाली तर ते मला दारात उभं करणार नाहीत. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"कुत्री?"

"ती गंमत होती हो! नेलला विचारा."

"विचारलं. आता कोणाला सांगू नकोस. आणि केस राहू दे, आहेत ते."

मग डेझमंड बास्कम. बार्बाडोसचा, कार्यक्रमात सगळ्यांत जुना. खुर्चीत असा बसला की खुर्चीच घाबरली. मोराग पाच मिनिटं गप्प, हा दहा मिनिटं गप्प. शेवटी मोरागच हसल्या. "तू जिंकलास. क्विन्सवूडची जाहिरात तूच शूट केलीस ना?"

"केली. गेल्या उन्हाळ्यात," डेझमंड म्हणाला. "आणि लपवलं नाही, कोणी विचारलं नाही. त्या जाहिरातीत खिदळणाऱ्या आज्या दिसतात ना, त्या सगळ्या नाटक कंपनीतल्या. खऱ्या आज्या खिडकीतून बघत होत्या. मी तेव्हाच ठरवलं, यांच्यावर कधी फिल्म झाली तर कॅमेरा मीच धरणार."

तिसरी प्रू. प्रू अॅकर्ली, आमची फिल्म जोडणारी. ती हॉलमध्ये नव्हती, पण सगळं चित्रीकरण तिच्याच हातून जातं. मोरागनी नुसतं "प्रू?" म्हटलं आणि ती रडायलाच लागली.

"माझी आई क्विन्सवूडमध्ये आहे. हॅरोगेटच्या. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला फिल्मवरून काढलं असतं, आणि मला ती करायची होती. रोज रात्री मी तिला फोन करते, घंटी वाजते का बघ म्हणून."

मी तिला रुमाल दिला. मग मोरागनी हळूच विचारलं, "चित्रीकरणाची मेमरी कार्डं कुठं असतात, प्रू?"

"रुटेंडोचं ह्यूच्या तिजोरीत. मला काम करायला तेच उघडून देतात, संध्याकाळी परत आत."

"आणि मानांचं?"

"त्यात काय आहे चोरण्यासारखं? गेथिन मान डोलावतोय! माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडलंय, कपांशेजारी."

"त्यात कुत्री आहेत?"

"आहेत ना." प्रू रडता रडता हसली. "मी तो तुकडा ख्रिसमसच्या पार्टीत दाखवायला ठेवलाय."

"आणि रुटेंडोचं नाव आहे?"

प्रूचं हसू थांबलं. माझंही. 'जरा उंच बस गं, रुटेंडो तुझ्यापेक्षा उंच आहे.' डेझमंडचा माइक तेव्हा चालू होता!

अगं, मला वाटलं, चला, सुटले! नाव कार्डातून गेलं. पण लगेच कळलं की सुटले कुठची, अडकलेच जास्त. ट्रे उघडा, अख्खा मजला तिथून चहा प्यायला जातो. कोणीही ते कार्ड उचललं असेल. मीसुद्धा.

मोराग मात्र बूट घट्ट बांधत होत्या, एकदम खुशीत.

"कोणीही नाही, नेल. जे या धंद्यात आहेत त्यांच्यापैकी कोणीच नाही. जा, सगळ्यांना स्टुडिओत बोलाव. लोर्नालाही. म्हणावं, फिल्म वाचवायचा एक मार्ग मोरागला सापडलाय."

५

स्टुडिओत त्या टेबलामागे बसल्या, रोज बसतात तशाच. आम्ही समोर. ह्यू, गेथिन, डेझमंड, प्रू, लोर्ना आणि मी. वरचे दिवे अजून लावलेले नव्हते.

"मी थकलेय, म्हणून सरळच विचारते," मोराग म्हणाल्या. "या कुत्र्यांचं मला काही कळत नाही. गेथिननं ग्रेहाऊंडबद्दल विचारलं. मग रुटेंडोनं उत्तर काय दिलं?"

गेथिननं तोंड उघडलं, मोरागनी एक बोट वर केलं, त्यानं मिटलं. डेझमंडनं छताकडे बघितलं. प्रूनं माझा हात दाबला. कोणी बोलेना. आणि शांतता काय, तुला सांगितलंच.

"उत्तर कसं कळणार?" लोर्ना म्हणाली, जरा वैतागूनच. "तिचा आवाज काढूनच टाकलाय ना त्यातून."

गेथिनचा हात केसांवरच थांबला.

"कशातून?" मोरागनी विचारलं.

"म्हणजे, त्या... चित्रीकरणातून. तिला वाचवायला काढला असेल ना."

"लोर्ना, तिचा आवाज तिजोरीतल्या कार्डात आहे, आणि तो कोणी काढलेला नाही. तू बघितलंस ते कार्ड ट्रेमधलं. त्यात गेथिन प्रश्न विचारतो आणि समोरून उत्तर येत नाही, कारण समोर नेल बसलीय, उशी घेऊन. रुटेंडो तेव्हा टॅक्सीत होती."

लोर्नानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

"म्हणजे सगळ्यांना कळू दे," मोराग म्हणाल्या, आता आवाजात ती धार आली जी मंत्र्यांसाठी राखलेली असते. "नाव आणि कुत्री, दोन्ही एकाच कार्डात. ज्यानं ते विकलं त्यानं दोन्ही एकदम विकलं. पण गेथिन, डेझमंड, नेल, प्रू या चौघांना माहीत होतं की कुत्री ही गंमत आहे. सर मर्विनला गुपचूप बातमी देणारा माणूस त्यांना रेडिओवर जोकर करेल का? तो खरी बातमी देईल. म्हणजे हे सांगणाऱ्याला कुत्री खरी वाटली. त्याला वाटलं, समोर रुटेंडोच बसलीय, दुसरा कॅमेरा गेथिनवर रोखलाय, आणि उत्तरं पुसलीत. आपल्या धंद्यात चहा आणणाऱ्या पोरालाही 'माना' माहीत असतात. माहीत नसणार फक्त अशा कोणाला, जिनं आयुष्यभर मंत्र्यांच्या बाजूनं मुलाखती बघितल्या. मुलाखत संपली की मंत्र्याला घेऊन गाडीत बसायचं आणि निघायचं. मागे खोलीत काय होतं ते कशाला बघायचं?"

"दुसरा कॅमेरा कुठं लपवलास," डेझमंड सावकाश म्हणाला. "आणि मी मेला, म्हटलं बाई विनोद करतेय."

"आणि आज सकाळी मला म्हणालीस, कुत्री फिल्ममधून काढलीत का," मी म्हटलं. "अगं, काढायला ती आधी असायला नकोत?"

लोर्ना हसली. मान्य करायलाच हवं, हसली झकास. "बरं. सर मर्विन ज्या भागात राहतात तिथली खासदारकीची जागा रिकामी होतेय. आमच्या पक्षाचा तिथला उमेदवार निवडणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष आहेत. मी त्यांना फक्त सावध केलं. त्यांनी लगेच तिला घरी पाठवावं असं मी सांगितलं नव्हतं."

"तुला काय वाटलं, ते तिला फुलं पाठवतील?" प्रू ओरडली.

"पुढचं दार, म्हणजे खासदार होऊन," मी म्हटलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

६

आणि आता खरी गंमत ऐक. मला वाटलं संपलं. लोर्ना उठली, स्कर्ट सारखा केला, आणि ह्यूकडे नाही, मोरागकडे नाही, माझ्याकडे वळली.

"नेल, माझा एक फोन, आणि सोमवारी तुझी रुटेंडो कामावर. व्हिसा जिथल्या तिथे. मर्विन माझं ऐकतात. बदल्यात माझं नाव या खोलीतून बाहेर जायचं नाही आणि फिल्म महिनाभर पुढं ढकलायची. त्या मुलीची परीक्षा आहे ना? विचार कर."

ह्यू लाल झाला. "असली सौदेबाजी इथं..."

"थांब, ह्यू," मोराग म्हणाल्या. "शब्द नेलनं दिला होता. नेल ठरवेल."

आणि गप्प! माझ्यावर वापरली ती शांतता! मला त्यांचा इतका राग आला ना.

मी काय केलं सांगू? फोन काढला, रुटेंडोला लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सगळं सांगितलं. कार्ड, नाव, गेथिनची जीभ, लोर्ना, सोमवार. कुत्र्यांचं सांगितलं तेव्हा पलीकडून एक आवाज आला, हसू की हुंदका कळलं नाही.

मग ती म्हणाली, "मी सोमवारी गेले, तर घंट्यांच्या वायरी जोडलेल्या असतील का?"

आम्ही सगळ्यांनी लोर्नाकडे बघितलं. ती परत स्कर्ट सारखा करत होती.

"मग दिवे लावून ठेवा," रुटेंडो म्हणाली. "मी येते. आणि ते अंधारात बसवणं वगैरे नको. त्यांना माझं नाव कळलंय, मग म्हाताऱ्यांच्या मुलांनाही कळू दे."

अगं, काय दिसत होती त्या रात्री! पिवळा झगा, डोक्याला पिवळंच फडकं. फिल्म लागली, आणि फिल्म संपल्यावर थेट स्टुडिओत ती आणि मोराग. शेजारी सर मर्विनची खुर्ची, रिकामी. बोलावलं होतं, आले नाहीत, तर पाण्याचा पेला ठेवून ती खुर्ची तशीच दाखवली. मी काचेमागे उभी, प्रू माझं मनगट पिळतेय.

शेवटी मोराग म्हणाल्या, "एक आरोप सर मर्विननी आज स्वतःच सांगितला. आम्ही तो कधीच केला नव्हता, आमच्याकडच्या एका मूर्ख चेष्टेतून तो त्यांच्यापर्यंत पोचला, आणि कसा पोचला ते आम्ही उद्या सांगू. पण तुम्हाला विचारते. रविवारचा रोस्ट कुत्र्यांना घातला जायचा का?"

रुटेंडोनं थोडा विचार केला. खरंच केला, जणू प्रश्न खराच होता.

"नाही," ती म्हणाली. "कुत्र्याला घालावा एवढा रोस्ट त्या ताटांत कधी आलाच नाही. दोन बटाटे असायचे. त्यातला एक मी माझ्या हातानं कुस्करून भरवायचे."

डेझमंडचा कॅमेरा परत हलला. पण या वेळी हसून नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाले सगळ्या क्विन्सवूडमध्ये. घंट्या जोडल्या. प्रूच्या आईची पहिली वाजली, तिनं मुद्दाम दहादा दाबली म्हणे. लोर्ना गेली, ती खासदारकीची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. गेथिनला त्या दुसऱ्या चॅनेलवर नोकरी मिळाली नाही, बरं झालं, आता टॅक्सी निघून गेली तरी कोणाचं नाव घेत नाही. रुटेंडोला हेब्डन ब्रिजच्या एका वृद्धाश्रमानं घेतलं, व्हिसासकट. पण ते व्हायला वेळ लागला गं. तोपर्यंत रोज दाराशी टपाल पडलं की दोघी दचकायच्या. त्याच दिवसांत टारीची परीक्षा झाली, आणि ती वाईट गेली.

परवा मी गेले होते त्यांच्याकडे. रुटेंडोनं साझा वाढला, गळ्यात पडली. टारीनं मात्र माझ्याकडे बघितलं नाही. निघताना दारात मला गाठून म्हणाली, "तू आईला ते विचारलंच नसतंस, नुसतं 'हो' म्हटलं असतंस, तर ती सोमवारी कामावर गेली असती. आईला विचारलं की आई काय म्हणणार हे तुला माहीतच होतं."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. मोरागना विचारलं, तर त्या बिस्कीट बुडवत बसल्या.

म्हणून तुला विचारते. आता खा ती शेवटची चिप आणि बोल. फोन तुझ्या हातात असता, आणि सगळे तुझ्याकडे बघत असते, तर तू काय केलं असतंस?